उत्क्रांती ‘मानणं’ हीसुद्धा श्रद्धाच नाही का?

तळजाई_पहाटे (धागाकर्ता)
मी डार्विनविरोधक नाही. पण सकाळी टेकडीवर आमचा जो सुशिक्षित गट जमतो, त्यांचं उत्क्रांतीबद्दलचं बोलणं मला श्रद्धेसारखंच वाटतं. २०१८ मध्ये सत्यपाल सिंह (पुण्याचे माजी पोलीस आयुक्त, तेव्हा केंद्रात राज्यमंत्री) म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, डार्विन चुकीचा आहे. गट खवळला. पुरावा मात्र एकानेही दिला नाही. ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’, बस. आजोबा ‘शास्त्रात सांगितलंय’ म्हणायचे, त्यात नि यात फरक काय?

शिवाय ज्युलियन हक्सलीसारखा मोठा जीवशास्त्रज्ञ उत्क्रांतीवर आधारलेला नवा धर्म हवा असं उघड मांडत होता. तत्त्वज्ञ मायकेल रूझ १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सासच्या खटल्यात (उत्क्रांतीबरोबर सृष्टिनिर्मितीचं ‘विज्ञान’ही शाळेत शिकवा, या कायद्यावरचा) उत्क्रांतीच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, आणि पुढे त्यानेच लिहिलं की समर्थकांनी उत्क्रांतीला धर्माची जागा देऊन टाकली.

प्रयोगवही
साफ असहमत. गटाला उत्तर देता आलं नाही, याचा सिद्धान्ताशी काय संबंध?

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर जिवाणू पसरायचे, अँटिबायोटिकची चकती ठेवायची, प्लेट रात्रभर ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ असतं, तिथे जिवाणू वाढलेलेच नसतात. पण कधीकधी त्या वर्तुळाच्या आत टाचणीच्या डोक्याएवढी एखादी कॉलनी दिसते. ती उचलून नव्या प्लेटवर पसरली की वर्तुळ आक्रसतं, किंवा उमटतच नाही. क्षयरोगाची औषधं काही रुग्णांवर चालेनाशी होतात, त्यामागे हीच निवड आहे: औषधाला तग धरणारे तेवढे उरतात आणि वाढतात.

हे लहान वाटत असेल तर टिकटालिक नावाचा जीवाश्म घ्या. मासा आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत असायला हवा, असा हिशेब मांडून जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि सहकारी कॅनडाच्या थेट उत्तरेला एल्समिअर बेटावर गेले. आधीचे मोसम फारसं हाती लागलं नाही. २००४ मध्ये तो मिळाला. खवले नि पर माशाचे, पण मान वळणारी, आणि पराच्या आत मनगटासारखी हाडं. कुठल्या वयाच्या खडकात शोधायचं हे आधी सांगून मग खणणारी श्रद्धा मी तरी पाहिलेली नाही.

सदाशिव_पेठकर
जिवाणू शेवटी जिवाणूच राहिला ना? त्याबद्दल वाद कुणाचाच नाही. वाद आहे तो माकड आणि माणूस यांच्याबद्दल. आणि विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर, त्यानेच डार्विनवाद हा तपासता येणारा सिद्धान्त नाही असं म्हटलं होतं.

प्रयोगवही
पॉपरचं पुढचंही सांगा ना. आपण मत बदलल्याचं त्याने १९७८ मध्ये छापून जाहीर केलं.

माकड-माणसाचं म्हणाल, तर चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन गुणसूत्रं जोडली जाऊन झालेलं आहे. एरवी फक्त टोकाला असणारी रचना त्याच्या मध्यावर सापडते.

वारीची_वाट
मला दोन्ही बाजूंचं पटत नाहीये. आमच्या घरात वारी पिढीजात आहे. पालखी भवानी पेठेत मुक्कामाला येते तेव्हा दमलेल्या वारकऱ्याचे पाय चोळताना कुणी विचारत नाही, की बाबा, सृष्टी सहा दिवसांत झाली की कोट्यवधी वर्षांत? माळ, एकादशी, नामस्मरण, चालणं हा आमचा धर्म. एखादं विधान खरं मानलं म्हणून कुणी वारकरी होत नाही. ‘उत्क्रांती हा धर्म’ म्हणताना तुम्ही धर्मालाच फार छोटं करताय.

हा युक्तिवाद तिकडच्या कोर्टकचेरीत वाढला. अमेरिकेत सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही. उत्क्रांती शिकवाल तर सृष्टिनिर्मितीचं ‘विज्ञान’ही शिकवा, हा लुईझियानाचा कायदा १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग उत्क्रांतीलाच धर्म ठरवलं की तीही वर्गाबाहेर! कॅलिफोर्नियातल्या एका शिक्षकाने तसा दावा लावला, १९९४ मध्ये अपील न्यायालयाने उत्क्रांती हा धर्म नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यांचं भांडण आपण कशाला अंगावर घ्यायचं?

तळजाई_पहाटे
कोर्टाचं समजलं, पण मी माणसांच्या मनाबद्दल विचारतोय. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चं पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. भाचीने पेरिपॅटस, प्लॅटिपस, लंगफिश घोकले, मार्क मिळवले. जीवाश्म एकही पाहिला नाही. एनसीईआरटीने तर २०२३ मध्ये दहावीतून उत्क्रांतीच काढली. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, पण पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाकडे उरतं ते ऐकीवच. ऐकीव गोष्ट ठामपणे मानणं याला मी श्रद्धाच म्हणणार.

प्रयोगवही
घोकंपट्टीचा राग मलाही येतो. पण मग आवर्त सारणी हाही धर्मच झाला! भाचीला आमच्या प्रयोगशाळेत पाठवा, प्लेट तिलाच लावू दे.

सदाशिव_पेठकर
हक्सलीच्या मुद्द्याला अजून कुणी हात घातलेला नाही.

वारीची_वाट
घालतो. न्यूटनने बायबलच्या अभ्यासात कितीतरी वर्षं घालवली. म्हणून गुरुत्वाकर्षण ख्रिस्ती झालं का? हक्सलीला उत्क्रांतीतून धर्म हवा होता, ती त्याची गरज. टिकटालिकच्या मनगटाला तिचं काय?