पणजोबांच्या मेडलवर एक नंबर, डिस्चार्जच्या कागदावर दुसराच. यातलं कुणाला कळतंय का?

कोयनाकाठी

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आमच्या गावच्या घरी (पाटण तालुका, सातारा) देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक चांदीचं मेडल आहे. दसऱ्याला कोयता, विळा, कुऱ्हाड मांडतात त्यात हेही असतं, हळदकुंकू लागतं. लहानपणापासून ऐकत आलोय की हे पणजोबांचं, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेले, कुतच्या (बसऱ्याच्या वर इराकमधलंच गाव) वेढ्यात अडकले, घोड्याचं मांस खायची पाळी आली, पुढं तुर्कांच्या कैदेत पडले आणि लढाई संपल्यावर हाडांचा सापळा होऊन घरी आले.

आता घोळ असा की चुलतभावानं कुणबी नोंदीसाठी जुनी ट्रंक उपसली त्यात पणजोबांचा डिस्चार्जचा कागद निघाला. त्यावर ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, नंबर ३४१६, भरती मार्च १९१६, सुटका १९२३. आणि मेडलच्या कडेवर इंग्रजीत कोरलंय ते ११० मराठा, नंबर १७ मग एक आकडा गेलाय मग २. नाव पण अर्धं झिजलंय, आडनाव आमचंच आहे आणि पहिल्या नावाचं शेवटचं 'ऊ' तेवढं दिसतं. आजी दर वर्षी चिंच आणि राख लावून घासायची, त्याचा प्रताप.

म्हणजे पलटण वेगळी, नंबर वेगळा. कागद खोटा की मेडल दुसऱ्याचं? वडील म्हणतात मेडल आपलंच, सरकारी कागदात चुका असतातच. कुठून सुरुवात करू?

फौजीचानातू

पलटणीचं कोडं सोपं आहे, ते आधी मिटवून टाकू. ११० आणि ३/५ (म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची ३ री पलटण) ही एकच पलटण. १९२२ मध्ये इंग्रजांनी सगळ्या पलटणींचे नंबर बदलले, १०३ ची १/५ झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५ आणि ११७ ची ५/५. १९२३ ला सुटलेल्या माणसाच्या कागदावर नवीन नाव येणारच, आणि मेडलवर लढाईच्या वेळचं जुनं. (हीच ३ मराठा १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आजची २ पॅरा ती हीच, गावात सांगा, कॉलर ताठ होईल.)

नंबरचं मात्र एवढं सोपं नाही. तेव्हा प्रत्येक पलटणीचे नंबर वेगवेगळे चालायचे, भरती होईल तसा पुढचा नंबर मिळायचा. माणूस बदली होऊन दुसऱ्या पलटणीत गेला तर नंबर बदलायचा, पण इथं पलटण तर एकच आहे. मग एकाच पलटणीत एकाच माणसाला १७०० च्या घरातला आणि ३४०० च्या घरातला असे दोन नंबर कसे? १७०० वाला बराच आधी भरती झालेला दिसतोय.

आणि मला खरी टोचली ती तारीख. कुतला तुर्कांनी वेढा घातला ७ डिसेंबर १९१५ ला आणि तिथला इंग्रज सेनापती टाउनशेंड, त्यानं शरणागती पत्करली २९ एप्रिल १९१६ ला. मार्च १९१६ ला भरती झालेला पोरगा तेव्हा डेपोत डावा-उजवा शिकत असणार. एकदा वेढा पडल्यावर आत नवीन शिपाई जाणार कुठून, बाहेरून सोडवायला गेलेली अख्खी फौज आत पोचली नाही, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत झगडून पण. तेव्हा कागद खरा असेल तर पणजोबा कुतच्या वेढ्यात नव्हते. राग मानू नका.

रानवाट

जुने रेकॉर्ड लंडनला १९४० च्या बॉम्बिंगमध्ये जळले असं वाचलंय, त्यामुळे आता काही मिळणार नाही, सोडून द्या.

फौजीचानातू

रानवाट, ते जळले ते ब्रिटिश सैन्यातल्या गोऱ्या शिपायांचे कागद, सप्टेंबर १९४० ला. हिंदी पलटणींच्या शिपायांचे कागद तिथं ठेवलेलेच नव्हते, ते इकडं पलटणीच्या डेपोत असायचे. सोडून बिडून काही देऊ नका. बेळगावला मराठा सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा, नंबर, पलटण, गाव, तालुका सगळं घालून, दोन्ही नंबर लिहा. शीट रोल (शिपायाच्या नोकरीचा नोंदीचा कागद) विचारा, त्यात बापाचं नाव आणि गाव असतं. पंजाबच्या लोकांची गावोगावची रजिस्टरं मध्ये ऑनलाइन आलीत, ती बघून हुरळू नका, त्यात मुंबई इलाखा नाही.

जुनीनाणी

मेडलबद्दल मी बोलतो, पंधरा वर्षं हाच उद्योग आहे. आधी एक हात जोडून विनंती, इथून पुढं ते घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही.

कडेवरचं वाचायचं तर खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी कडेला आडवी धरा, अगदी टेबलाला टेकून, म्हणजे झिजलेल्या अक्षराच्या खळगीत सावली पडते. नाहीतर पातळ कागद कडेभोवती गुंडाळून त्यावर पेन्सिल हलकी आडवी फिरवा. मी अशी भुईसपाट झालेली नावं वाचलीत.

एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, घोड्याच्या पायाखाली कवटी, १९१४ आणि १९१८, असंच आहे ना? मग ते ब्रिटिश वॉर मेडल. ते एकटं बऱ्याच जणांना मिळालं. पण जो प्रत्यक्ष लढाईच्या मुलखात गेला त्याला जोडीला पिवळं व्हिक्टरी मेडल पण मिळायचं, पंखवाली बाई असलेलं. आणि जो ३१ डिसेंबर १९१५ च्या आत तिकडं पोचला त्याला तिसरा एक स्टार, १९१४-१५ चा, मागं नाव ठोकलेला. आता फौजीचानातू म्हणाले ते यात धरा. कुतच्या वेढ्यातला प्रत्येक शिपाई ३१ डिसेंबर १९१५ च्या आधी तिथं होता, म्हणजे तिथल्या प्रत्येकाचा स्टारवर हक्क होता. तुमच्याकडं स्टार कधी होता का विचारा. चांदीचं देवात राहिलं आणि बाकीचं पितळ समजून मोडीत गेलं असं लई घरांत झालंय.

आणि अजून एक, घरात पणजोबांना भाऊ होता का कुणी? मेलेल्या शिपायाची मेडलं त्याच्या घरी पाठवायचे.

मोडीवाचक

मीही हेच विचारणार होते. कुणबी नोंदी शोधताय म्हणजे तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जाणं होतंच आहे, तिथंच गाव नमुना १४ बघा, कोतवाल बुक म्हणतात ते, जन्म-मृत्यूचं. पण लढाईवर मेलेला त्यात सापडेलच असं नाही कारण मृत्यू गावात झाला नाही. त्याच्यापेक्षा जमिनीचे जुने फेरफार काढा. दोन भावांच्या नावावर जमीन असेल आणि एक गेला तर त्याचं नाव कमी करायला फेरफार पडणारच. मोडीत असेल तर फोटो इथं टाका, मी वाचून देते, फक्त फोटो सरळ काढा, सावली पाडू नका, मागच्या वेळी एकानं अंगठ्यासकट काढला होता.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजची (लढाईत मेलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइट पण बघा. तिथं हिंदी शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. स्पेलिंगवर विसंबू नका, पवारचं पोवार आणि शिंदेचं सिंदे करून ठेवलेलं असतं, पलटण आणि नंबर घालून शोधा.

कोयनाकाठी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, माफी. बरंच झालंय.

मोबाइलच्या बॅटरीची युक्ती जबरदस्त निघाली. मधला आकडा ४ आहे, नंबर १७४२. वॉर ग्रेव्हजच्या साइटवर ११० मराठा घालून शोधलं तर १७४२ नंबरचा शिपाई आहे, मृत्यू १९१६ चा, नाव बसऱ्याच्या स्मारकावर, आडनाव आमचं (स्पेलिंग वाट्टेल तसं), पहिलं नाव 'ऊ' नं संपणारं, गाव आमचं, तालुका पाटण. आणि बापाच्या जागी जे नाव आहे ते आमच्या खापरपणजोबांचं. मी ऑफिसात बसून बघत होतो, दोन मिनिटं काही सुचलं नाही.

मोडीताईंनी वाचून दिलेल्या फेरफारात पणजोबांच्या थोरल्या भावाचं नाव आहे, मयत, मूलबाळ नाही, सबब धाकट्याचं नाव लावलं. या थोरल्याचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कुणालाच म्हणजे कुणालाच, वंशावळीत पण नाही. वडिलांना सांगितलं तर आधी चिडले, मग म्हणाले की आत्याआजी पितृपक्षात एक जास्तीचं पान वाढायची, कुणाचं विचारलं की म्हणायची बसऱ्याचं.

फौजीचानातू

मग लागतंय सगळं. थोरला कुतमध्ये, तिथून कैदेत. कुतहून पकडलेल्या हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत रास अल ऐनला नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं, त्यात हजारो गेले. कैदेतल्यांच्या मृत्यूच्या तारखा कधी कधी अंदाजानं धरलेल्या असतात, तेव्हा तारखेवर फार अडून बसू नका. कुतला पलटण कैदेत गेल्यावर डेपोतले शिपाई आणि नवी भरती घेऊन ११० परत उभी केली, धाकटा मार्चपासून डेपोत होताच, तो यात आला, म्हणून नंबर ३४१६. घोड्याच्या मांसाचं पण खरं आहे, आपल्या लोकांनी बरेच दिवस तोंड लावलं नाही, एप्रिल उजाडल्यावर बऱ्याच जणांनी खाल्लं. ते धाकट्याला कुणीतरी परत आलेल्यानं सांगितलं असणार, आणि घरात तो सांगत राहिला ते त्याचंच झालं.

बेळगावचा अर्ज तरी करा. दोघांचा.

जुनीनाणी

थोरला लढाईत गेला असेल तर घरी अजून एक वस्तू आली असणार. मोठा गोल काशाचा बिल्ला, वीतभरापेक्षा कमी, १२ सेंटीमीटर, त्यावर त्रिशूळवाली बाई आणि सिंह, चौकटीत नुसतं नाव, हुद्दा नाही नंबर नाही. बघा कुठं पडलाय का.

कोयनाकाठी

थांबा. सिंह? खालच्या आळीला चुलत काकूंकडं पाण्याच्या कळशीवर एक जड ताटली झाकण म्हणून असते, तिच्यावर सिंह आहे, लहानपणी आम्ही तो कुत्रा समजायचो.

काकूंना आत्ताच फोन केला. म्हणाल्या हो आहे की, आताच घासून ठेवलीय, न्यायची तर ने, पण येताना कळशीला दुसरं झाकण घेऊन ये.