शिक्षकांच्या कमरेला लपवलेलं पिस्तूल: तुमच्या मुलांच्या शाळेत चालेल का?

ओहायोची_आई

नमस्कार. जरा लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही सिनसिनाटीच्या उत्तरेला एका छोट्या गावात राहतो. मुलगी दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेकडून सगळ्या पालकांना मेल आला. निवडक शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन शाळेत पिस्तूल बाळगू द्यायचं का, यावर स्कूल बोर्ड (गावातल्या शाळांचा कारभार बघणारी समिती) पुढच्या बैठकीत मतदान घेणार आहे. पिस्तूल कपड्यांखाली लपवलेलं असेल. ते कोणाकडे आहे हे पालकांना सांगितलं जाणार नाही.

भारतातल्या वाचकांसाठी मागचा इतिहास सांगते. आमच्या शेजारच्या बटलर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) मॅडिसन शाळेत फेब्रुवारी 2016 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाने कॅफेटेरियात गोळीबार केला. चार मुलं जखमी झाली, जीव कोणाचा गेला नाही. पुढे 2018 मध्ये तिथल्या बोर्डाने कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगायची परवानगी दिली आणि काही पालक कोर्टात गेले. 2021 मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला की असं शस्त्र बाळगायचं तर पोलिसाइतकं, म्हणजे 700 तासांच्या वर प्रशिक्षण हवं. वर्षभरात विधिमंडळाने कायदाच बदलला. जून 2022 मध्ये गव्हर्नर माइक डिवाइन यांची सही झाली आणि 700 वरून गाडी 24 तासांवर आली. बोर्डाला वाटलं तर ते जास्त मागू शकतं, पण राज्याची सक्ती 24 च्या पुढे नाही. माझ्या मुलीच्या पोहण्याच्या क्लासचे तास याहून जास्त झाले असतील.

मी विरोधात आहे, हे आधीच सांगते. फ्लोरिडातल्या पार्कलंडला 2018 मध्ये शाळेवर हल्ला झाला, तेव्हा तिथे नेमलेला सशस्त्र डेप्युटी (शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा माणूस) इमारतीबाहेर थांबून राहिला आणि आत 17 जणांचा जीव गेला. टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत 2022 मध्ये हल्ला झाला, तेव्हा वेगवेगळ्या खात्यांचे मिळून 376 पोलीस जमले होते, तरी वर्गाचं दार उघडून आत जायला 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. ज्यांचं हे रोजचं काम, त्यांची ही गत. मग जी बाई सकाळी नऊला हातच्याची वजाबाकी शिकवते, तिच्याकडून आपण नऊ वाजून पाच मिनिटांनी काय मागतोय?

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेत लॉकडाउन ड्रिल होतं, म्हणजे हल्लेखोर आला तर लपायचा सराव. दिवे बंद करून मुलं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गप्प बसतात. परवा मुलगी घरी आली आणि म्हणाली, "आई, मला हे बूट नकोत. चालताना लाल दिवे लागतात. अंधारात त्याला दिसेल." हा 'तो' कोण, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बूट कपाटात वर ठेवून दिले.

तुमची मतं हवी आहेत, विशेषतः अमेरिकेतल्या पालकांची.

टेक्सासकर

ताई, बुटांचं वाचून पोटात कालवलं. पण मी तुमच्या विरुद्ध बाजूचा आहे, आणि तितक्याच कळकळीने.

आम्ही पश्चिम टेक्सासमध्ये राहतो. मुलाची शाळा शहरापासून लांब आहे, आजूबाजूला कापसाची शेतं. रात्री चोर आला म्हणून फोन केला होता, तेव्हा डेप्युटी यायला पस्तीस मिनिटं लागली. तो आळशी नव्हता, काउंटीच तेवढी मोठी आहे. टेक्सासमध्ये हे सगळं सुरू झालं तेही अशाच जागी. 2007 मध्ये हॅरल्ड नावाच्या जेमतेम शंभर मुलांच्या शाळेने कर्मचाऱ्यांना पिस्तूल बाळगू दिलं, कारण शेरीफचं ठाणं वीसेक मिनिटांवर होतं.

सगळा हिशोब मिनिटांचा आहे. कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत 2012 मध्ये 20 मुलं आणि 6 मोठी माणसं पाचेक मिनिटांत गेली. युव्हाल्डीच्या पोलिसांनी लाज आणली हे खरंच, पण पहिला पोलीस इमारतीत शिरायच्या आधीच शंभराच्या आसपास गोळ्या झाडून झाल्या होत्या. आणि नॅशव्हिल घ्या. मार्च 2023, कव्हेनंट स्कूल. तिथल्या पोलिसांनी काही चुकवलं नाही, थेट आत घुसले. तरी पहिल्या फोनपासून हल्लेखोर पडेपर्यंत साधारण 14 मिनिटं गेली. तीन मुलं, तीन मोठी माणसं. सगळं बरोबर झालं तरी सहा!

तुम्ही विचारता, बाईंकडून काय मागतोय. ताई, त्या तसंही देतातच. सँडी हुकच्या मुख्याध्यापिका डॉन हॉकस्प्रंग आवाज ऐकून हल्लेखोराच्या दिशेने धावल्या, रिकाम्या हातांनी. पार्कलंडचे फुटबॉल कोच ॲरन फाइस मुलांच्या आड उभे राहिले, रिकाम्या हातांनी. शाळेत सशस्त्र कर्मचारी ठेवायच्या फ्लोरिडाच्या गार्डियन योजनेला त्यांचंही नाव दिलंय. असा माणूस शाळेत असेल, त्याची तयारी असेल, तर त्याचे हात रिकामे ठेवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

24 तास कमी आहेत, हे मात्र मान्य. आमच्याकडे स्कूल मार्शलला (शस्त्र बाळगणाऱ्या शाळेच्या कर्मचाऱ्याला) 80 तास आहेत, फ्लोरिडात गार्डियनला 144. तुम्ही बोर्डाकडे तास वाढवून मागा. परवानगीच नको म्हणू नका.

वर्गमदतनीस

मी नऊ वर्षं इथल्या एका प्राथमिक शाळेत स्पेशल एज्युकेशनची पॅराप्रोफेशनल आहे. वर्गातली मदतनीस बाई म्हणा.

टेक्सासकर दादा, तुमची सगळी मिनिटं हल्ल्याच्या दिवसाची आहेत. मला बाकीच्या दिवसांबद्दल बोलायचंय. इथे शाळा वर्षाला 180 दिवस भरते. हल्ला बहुतेक शाळांत कधीच होत नाही, पिस्तूल मात्र रोज येईल.

सहा-सात वर्षांचं मूल मिठी कुठे मारतं माहितेय? कमरेला. त्याचं डोकं माझ्या पट्ट्यापाशी येतं. दिवसातून वीस वेळा. आमच्यातल्या एका मुलाचा बांध फुटला की तो लाथा मारतो, चावतो, हाताला लागेल ते ओढतो. मी त्याच्या मागे बसून त्याला दोन्ही हातांनी धरते, तो माझ्या कपड्यांत बोटं रुतवतो. एकदा त्याने माझी किल्ल्यांची दोरी बेल्टच्या हुकासकट तोडली होती. त्या जागी पिस्तुलाचं होल्स्टर असतं तर? माझा प्रश्न तेवढाच आहे.

बाथरूमचंही तसंच. 2014 मध्ये यूटामध्ये एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेचं पिस्तूल शाळेच्या स्वच्छतागृहात चुकून उडालं. कमोड फुटून तुकडे तिच्या पायात घुसले. तिच्याकडे रीतसर परवाना होता. शेजारी मूल नव्हतं, एवढंच नशीब.

आणि आम्हाला कोणी विचारतं का? रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने 2023 मध्ये शिक्षकांचं सर्वेक्षण केलं. शिक्षकांनी शस्त्र बाळगल्याने शाळा कमी सुरक्षित होईल असं 54 टक्क्यांना वाटलं, जास्त सुरक्षित होईल असं 20 टक्क्यांना.

भोरचा_पालक

इथे पुण्यात बसून मत देणं सोपं आहे, पण इस्रायलमध्ये शिक्षक बंदूक घेऊनच शिकवतात ना? तिथे कसं चालतं मग?

वर्गमदतनीस

नाही हो. बंदूकवाल्या शिक्षकांचे जे फोटो फिरतात ते सहलीचे वगैरे असतात. 1974 मध्ये मालोतच्या शाळेवर झालेल्या हल्ल्यानंतर तिथे शाळांच्या दारावर सशस्त्र पहारेकरी आले. पहारा हे त्यांचं काम. शिक्षकाला बंदूक देणं ही त्यांची पद्धत नाही. शिक्षकांना बंदुका दिल्याचं जवळचं उदाहरण पाकिस्तानचं आहे. डिसेंबर 2014 मध्ये पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला होऊन 130 च्या वर मुलं मारली गेली. त्यानंतर खैबर पख्तुनख्वामध्ये शिक्षकांना शस्त्र बाळगायची मुभा मिळाली. 2015 मध्ये स्वातमध्ये एका शिक्षकाच्या हातून बंदूक साफ करताना गोळी सुटली आणि बारा वर्षांचा विद्यार्थी गेला.

निवृत्त_सुभेदार

मी साताऱ्याचा. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. मुलगा न्यू जर्सीत आहे, नातू पहिलीत. म्हणून बोलतो.

लोकांना वाटतं जवानाकडे कायम बंदूक असते. छावणीत तसं नसतं. ड्युटी संपली की हत्यार कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात जमा. नंबर ताडून बघायचा, राउंड म्हणजे काडतुसं मोजायची, रजिस्टरवर सही. एक राउंड कमी भरला तर अख्खी कंपनी रात्रभर गवतात टॉर्च घेऊन शोधत बसते. शिकवलेल्या, शिस्तीतल्या, जवान माणसांबाबत ही व्यवस्था. शाळेत संध्याकाळी राउंड कोण मोजणार?

नेम मारणं चार दिवसांत येतं. पण धावणाऱ्या पोरांच्या मधून नेम धरणं वेगळं. न्यूयॉर्कच्या पोलिसांचा 1998 ते 2006 चा हिशोब आहे. समोरून गोळीबार होत असताना त्यांच्या शंभरातल्या 18 गोळ्या लागल्या. उरलेल्या 82 कुठे तरी गेल्याच ना? तिकडे अमेरिकेत शाळांच्या मधल्या भिंती बऱ्याच ठिकाणी जिप्समच्या. माझ्या मुलाच्या घरात खिळा ठोकायला गेलो तर हातोडी आत गेली.

आणखी एक. पोलीस आत येतो तेव्हा त्याला साध्या कपड्यातला एक माणूस पिस्तूल घेऊन दिसतो. तो मास्तर की मारेकरी? 2021 मध्ये कोलोरॅडोत अरवाडा शहरात एका साध्या नागरिकाने मारेकऱ्याला गोळी घातली आणि मारेकऱ्याची रायफल हातात घेतली. मागून आलेल्या पोलिसाने त्यालाच मारलं.

टेक्सासकर

सुभेदार साहेब, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. अरवाडाचं खरं आहे. पण तो माणूस मध्ये पडला नसता तर आणखी किती गेले असते, हेही धरा. आमच्या शाळेत वर्षातून दोनदा शेरीफच्या माणसांबरोबर एकत्र सराव होतो, चेहरे ओळखीचे असतात. शहरातल्या हजार मुलांच्या शाळेचा नियम आमच्या दीडशे मुलांच्या शाळेला लावू नका, एवढंच म्हणणं.

मिसिसिपीतलं पर्ल आठवा. 1997 मध्ये उपमुख्याध्यापक जोएल मायरिक यांनी आपल्या ट्रकमधलं पिस्तूल आणलं आणि पळून निघालेल्या हल्लेखोराला पोलीस येईपर्यंत रोखून धरलं.

ओहायोची_आई

सगळ्यांचे आभार. दादा, तुमच्याशी भांडायचं नाहीये. डेप्युटीला पस्तीस मिनिटं लागतात त्या गावाला मी इथून काय शिकवणार? पण तुमचंच उदाहरण बघा. मायरिक आर्मी रिझर्व्हमधले होते, पिस्तूल बाहेर ट्रकमध्ये होतं आणि ते हातात येईपर्यंत दोन मुली गेल्या होत्या. आमच्या गावात पोलीस ठाणं शाळेपासून दोन मैलांवर आहे. इथे प्रश्न अंतराचा नाही. पूर्णवेळ प्रशिक्षित अधिकाऱ्याचा पगार द्यायचा नाही, म्हणून तो भार बाईंच्या कमरेला लावतायत. बोर्डाच्या कागदात 'किफायतशीर पर्याय' असा शब्द आहे, म्हणून म्हणते.

विम्याचंही कोणी बोलत नाही. कॅन्ससने 2013 मध्ये अशी परवानगी दिली, तेव्हा तिथल्या बहुतेक शाळांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने सांगितलं की कर्मचारी सशस्त्र असतील तर आम्ही विमा देणार नाही. धोका मोजणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी मोजून नाही म्हटलं.

आणि बंदुका येतात कुठून? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने 2019 मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरलेल्या हल्ल्यांपैकी 76 टक्क्यांत ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आली होती. तुमच्या टेक्सासमधलं सँटा फे, 2018: दहा जण गेले, बंदुका वडिलांच्या. मिशिगनच्या ऑक्सफर्डमध्ये 2021 मध्ये चार मुलं गेली, तिथे 2024 मध्ये आईवडील दोघांनाही शिक्षा झाली. आपण शाळेच्या दाराशी मारामारी करतोय आणि घरातलं कपाट उघडंच आहे.

दादा, राग मानू नका. तुमच्या घरी पिस्तूल असेल तर ते कुठे असतं?

टेक्सासकर

राग कसला. बेडरूमच्या कपाटात, वरच्या खणात. कुलूप नाही. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि आता त्याचा हात तिथवर पोचतो. काल रात्री हे वाचल्यावर बायकोने विचारलं, मला उत्तर देता आलं नाही. आज सकाळी लॉकबॉक्स घेऊन आलो.

शाळेबद्दलचं मत बदललेलं नाही. आमच्या शाळेत तो एक माणूस हवाच आहे मला.

ओहायोची_आई

बैठक मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आहे. प्रत्येक पालकाला तीन मिनिटं मिळतात. मी अकराव्या नंबरला नाव दिलंय. सुभेदार काकांचा प्रश्न पहिला विचारणार आहे: संध्याकाळी राउंड कोण मोजणार आणि सही कोणाची. दुसरा, मिठी मारणाऱ्या मुलाचा. तिसरा, घरातल्या बंदुकांना कुलूप लावा असं पत्र स्कूल बोर्डाने आजवर एकदा तरी पालकांना पाठवलंय का.

नवरा म्हणतो बूट पण घेऊन जा. अजून ठरवलं नाही.