अनुभव धागा: स्तोत्रसंहितेतलं (बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांतलं) तुमचं स्तोत्र कोणतं? आभाराचं, भरवशाचं, भांडणाचं, कुठलंही

नगरवाली

शेजारच्या फ्लॅटमधली दोन पोरं रोज संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणतात. भिंत पातळ, त्यामुळे आमचेही पाठ व्हायला आलेत. परवा धाकट्याने मधेच एक ओळ गाळली, तर आजीने स्वयंपाकघरातून ओरडून ती पुरी केली. मला एकदम माझी आजी आठवली.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. दिवेलागणीला हातपाय धुऊन ओळीने बसायचं आणि स्तोत्र १०३ म्हणायचं. 'हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर.' बावीस वचनं. तिकडे भाकरीचा वास सुटलेला आणि इकडे आम्ही अजून गवत आणि रानफुलापाशीच. आजीला वाचता येत नव्हतं, सगळं ऐकून पाठ. 'त्याचे सर्व उपकार विसरू नकोस' हे तर ताटात घास टाकला तरी ऐकावं लागायचं, चप्पल हरवली तरी.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, येताना पोरांसाठी सुकडी आणायची. वडील सांगतात, आजोबा एकदा भडकले होते, "विहीर आटली, बैल गेला, आता कसले उपकार मोजतेस?" ती म्हणाली, "उरलेत तेवढे मोजते. तुम्ही गेलेले मोजा, दोघांचा मिळून हिशोब पुरा होईल."

लहानपणी वाटायचं की हिला प्रश्नच पडत नाहीत. पण रात्री अंथरुणात ती एकटीच ४२वं म्हणायची. रात्रंदिवस आसवंच जेवण झालीत आणि लोक विचारतायत तुझा देव कुठाय, ते. ते मात्र तिने आमच्याकडून कधी पाठ करून घेतलं नाही.

तर लिहा. कुठलं स्तोत्र कधी कामी आलं, कधी नाही आलं. ख्रिस्ती असायची अट नाही. धर्मांतरावर भांडायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

वसईचा_पाव

मस्त धागा. आमच्याकडे मिस्सामधे (कॅथलिक उपासनेत) पहिल्या वाचनानंतर प्रतिसाद स्तोत्र असतं. एकाने ओळ म्हणायची, मग सगळ्या चर्चने तीच परत. १३६व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. एरवी त्यातली मोजकीच घेतात. आमच्या क्वायर मास्तरांनी एका वर्षी सगळी घ्यायचं ठरवलं. पंधराव्या-सोळाव्याला माझे काका शेजारी पुटपुटले, "दया सनातन, मिस्सापण सनातन."

आम्ही पोरं 'बाशानचा राजा ओग' कधी येतोय याची वाट बघायचो. ओग आला की खुसखुस आणि पाठीत धपाटा.

पण खरं सांगू? आई गेली तेव्हा मला कुठलंच शहाणपणाचं वाक्य आठवेना. हीच एक ओळ तोंडात. अर्थ लागत होता असं नाही, पण जीभ आपोआप तिथे जायची.

लहानपण_देगा

११७! दोनच वचनं!! संडेस्कूलमधे "पाठांतराला स्तोत्र निवडा" म्हटलं की अर्धा वर्ग ११७. शेवटी बाईंनी त्यावर बंदी घातली.

चौकट_राणी

आणि ११९ पाठ करणारी एक मुलगी प्रत्येक मंडळीत असते. १७६ वचनं. ती मी होते. :)

लहानपण_देगा

@चौकट_राणी तुमच्यासारख्यांमुळे आम्ही घरी मार खाल्लाय.

रातपाळी

नर्स आहे, मिरजेला शिकले. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

वॉर्डात दोनच चालतात, २३ आणि ९१. कोविडात तर ९१ इतकं ऐकलं की काही विचारू नका. तुझ्या बाजूस सहस्रावधी पडतील तरी तुला काही होणार नाही, वगैरे. एका पेशंटच्या मुलाने उशीपाशी मोबाइल ठेवून ते रात्रभर लूपवर लावलं. शेजारच्या बेडचे आजोबा पहाटे मला म्हणाले, "सिस्टर, देवाला ऐकू गेलं असेल आता, बंद करा."

मला स्वतःला ९१ जड जातं. ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांना ते कुठल्या तोंडाने वाचून दाखवायचं? म्हणून मी २३ वाचते. त्यात मरणच्छायेची दरी आहेच, ती चुकवलेली नाही. फक्त 'तू माझ्याबरोबर आहेस' एवढंच म्हटलंय.

एक माळकरी बाबा होते, देहूकडचे. रोज विचारायचे, "ते मेंढराचं वाचणार का?" मी 'मला काही उणे पडणार नाही' म्हटलं की ते डोळे मिटून 'जेथे जातो तेथे तू माझा सांगाती' म्हणायचे. जुगलबंदीच ती. डिस्चार्जला सुनेने पेढे दिले. कुणाच्या देवाचे ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही. शिट्ट्या झाल्या, पळते.

गोंयचो_दर्यावर्दी

२३ ठीक आहे, पण जहाजावर मेंढरं नसतात. आमचं १०७.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, त्यात चार तऱ्हेची माणसं आहेत. रानात वाट चुकलेली, तुरुंगात पडलेली, आजाराने मरायला टेकलेली, आणि चौथे आम्ही, जहाजातून समुद्रात धंद्याला गेलेले. चौघांचीही गोष्ट एकच. अडचण, मग बोंब, मग सुटका, मग आभार. वादळात माणसं दारुड्यासारखी झोके खातात आणि त्यांची अक्कल चालेनाशी होते असं त्यात चक्क लिहिलंय. बिस्केच्या उपसागरात जानेवारीत जाऊन बघा. ज्याने लिहिलं तो किनाऱ्यावरून ऐकून लिहिणारा नव्हता, माझी खात्री आहे. गॅलीतलं सूप भिंतीवर, चीफ कुक खाली आणि वर भांडी.

२०२०मधे क्रू चेंज बंद पडले तेव्हा कॉन्ट्रॅक्ट संपूनही आम्ही जहाजावरच. बंदर समोर दिसायचं, उतरायची परवानगी नाही. तिथे वादळ नव्हतं काही. समुद्र सपाट, आणि माणसं केबिनमधे वेडी व्हायला आलेली. १०७ मधे या पाचव्या तऱ्हेची सोय नाही. मग सगळेच मिळून तेच वाचायचो, दोन फिलिपिनो, एक केरळचा आणि मी.

अश्दोदची_मावशी

@गोंयचो_दर्यावर्दी बाळा, तुझं वाचून राहवलं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचं. आमच्यात याच १०७ वरून नियम आहे की या चार प्रसंगांतून जो वाचला त्याने सिनेगॉगमधे (आमच्या प्रार्थनास्थळात) दहा जणांसमोर उभं राहून देवाचे उपकार मानायचे. घरात एकट्याने मानून भागत नाही. तू आलास तर तुलाही उभं करू!

तुरुंगवाल्याचा आमच्याकडे मोठा दाखला आहे. सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले. सुटून आले आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, शार हरहमीम, म्हणजे दयेचा दरवाजा. मशीद बंदर स्टेशनला ते नाव त्या 'मशिदी'वरूनच पडलं असं आमच्याकडे सांगतात. लोकलमधे लोंबकळणाऱ्याला काय पत्ता.

@वसईचा_पाव १३६ आमच्याकडेही आहे, पेसाहच्या (मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या) रात्री. जेवणाआधी ११३-११४, जेवणानंतर ११५ ते ११८, आणि मग १३६. तोवर पोरं सतरंजीवर आडवी झालेली आणि माझे वडील एकटेच मराठी भजनाच्या चालीत गातायत. इकडे इस्राएलला आल्यावर नातवंडं हसतात त्या चालीला. हसू देत, पण म्हणतात त्याच चालीत.

इथे सायरन झाला की शेल्टरमधे सगळ्यांच्या हातात तेहिलीम, म्हणजे हीच स्तोत्रसंहिता. मी १२१ म्हणते. शेजारीण मोबाइलवर मालिका बघते. दोघी जिवंत आहोत.

विज्ञाननिष्ठ_विन्या

वाचायला छान आहे सगळं, पण एक प्रश्न, खवचटपणा नाही. जो वाचला तो आभार मानतो. जो बुडाला त्याचं स्तोत्र कुठे लिहिलंय? देवाच्या नावावर फक्त जमेची बाजू धरायची ही सोयच झाली की.

नगरवाली

विन्या, ८८ वाच. आभाराचं एकही वचन नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी पुस्तकातून कुणी काढलं नाही. तसं बघितलं तर दीडशेमधे रडगाणीच सगळ्यात जास्त आहेत.

विज्ञाननिष्ठ_विन्या

वाचलं. हे तर आपल्या बाजूचं निघालं. बाकीचीही बघतो.

बेंचवरचा_बंड्या

@विन्या माझं घे. गेल्या वर्षी कंपनीने पंधरा मिनिटांच्या कॉलवर घरी बसवलं. कंपनीचं नाव नको. रविवारी चर्च, बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, आणि प्रत्येक जण "देवाची काहीतरी चांगली योजना असेल हं". योजना असेल तर ईएमआयच्या तारखेआधी कळवा म्हणावं.

अशाच एका उपकारस्तुतीच्या सभेत साक्षी चालू होत्या. कुणाला मुलगा झाला, कुणाला व्हिसा मिळाला. माझ्याकडे बोट आलं. मी उठलो, १३व्या स्तोत्राची पहिली दोन वचनं वाचली आणि खाली बसलो. दोन वचनांत चारदा 'कोठवर?' आहे. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. खोलीत सन्नाटा. यजमानीणबाईंनी घाईघाईने चहा आणला.

बायको नंतर म्हणाली, "पुढची चार का नाही वाचलीस?" सहावं वचन आभाराचं आहे. म्हटलं, तिथवर पोचलो की वाचीन. पाळकसाहेबांनी मात्र जाताना पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आजच्या सगळ्या साक्षींत तुझीच शास्त्रातून होती."

नोकरी मिळाली, पगार कमी आहे. सहावं वचन अजून चारचौघांत वाचलेलं नाही. घरी वाचतो.

रातपाळी

बंड्या 🙏 मुलांची फी वगैरे अडली असेल तर निरोप टाक, खरंच.

चौकट_राणी

उपकारस्तुतीवरून आठवलं, तुमच्याकडे हंगामाचा सण अजून होतो का? आमच्याकडे ६५वं स्तोत्र वाचायचे, मग वेदीपुढे ज्वारी, बाजरी, ऊस, भोपळे, अंडी. उपासना संपली की अंगणात लिलाव. मेथीची जुडी पाचशेला जायची, कारण दोन भावांचं जमिनीवरून वाकडं होतं आणि दोघेही माघार घेईनात. मंडळीची चांदी.

लहानपण_देगा

कोंबडी!!! आमच्या मावशीने आणलेला कोंबडा उपदेश चालू असताना सुटून पुलपिटवर चढला. कोंबडा आरवायच्या आत पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, ते उदाहरण पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे जोडून दिलं. मग लिलावात त्यांनीच तो घेतला.

वसईचा_पाव

मेथी पाचशेला 😂 आमच्या बाजारात आणून विका.

मुक्तीची_पणती

धागा विनोदाकडे गेलाय तरी लिहिते, नाहीतर राहून जाईल.

माझी पणजी दुष्काळातून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे आलेल्या मुलींपैकी. मध्य प्रांतातून, १८९६-९७च्या दुष्काळात. गावाचं नाव धड सांगता येईना, आईबाप वाटेत गेले की त्यांनी सोडून दिलं हेही तिला कधी कळलं नाही. रमाबाईंनी अशा शेकडो पोरी आणल्या, त्यातली ही एक. पुढे ती छापखान्यात खिळे जुळवायला लागली. बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं ते तिथेच.

तिचं वचन २७:१०. 'माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील.' तिच्या पुस्तकात त्या ओळीवरचा कागद इतका घासलाय की शाई करडी झालीय. आजी सांगायची, पणजी त्यातल्या 'तरी'वर जोरात बोट दाबायची आणि म्हणायची, "सोडले हे पण छापलंय बरं का, पुसलेलं नाही."

तिने आईबापांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पहिल्या मुलीचं नाव मात्र तिने आईचं म्हणून आठवत होतं तेच ठेवलं.

नगरवाली

@मुक्तीची_पणती हे राहून गेलं असतं तर मी तुला सोडलं नसतं. जमलं तर त्या पानाचा फोटो टाक.

मुक्तीची_पणती

टाकते, पुस्तक भावाकडे पुसदला आहे. त्याला फोटो काढायला सांगणं म्हणजे अजून एक स्तोत्र लागेल.

गोंयचो_दर्यावर्दी

@अश्दोदची_मावशी मे महिन्यात आमचं जहाज तुमच्या बंदराला लागायची शक्यता आहे. दहा जण जमवून ठेवा. जेवायला काय?

अश्दोदची_मावशी

अरे, मलिदा करू! कुठलंही संकट टळलं, नवस फेडायचा असला की आमच्याकडे एलियाहू हनाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने मलिदा. पोहे धुऊन निथळायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे, आणि ताटात फळं मांडायची.

चौकट_राणी

मावशी, पोहे जाडे की पातळ?

अश्दोदची_मावशी

जाडे गं. पातळ्याचा लगदा होतो.