अंबरनाथच्या शिवमंदिरात वडिलांना नेता येईल का?

नवं_बिऱ्हाड
गेल्या महिन्यात अंबरनाथ पूर्वेला राहायला आलो. वडील ७८ वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखतात. लहानपणी एकदा मंदिर पाहिलंय, आता रोज विचारतात, "कधी नेतोस?" पायऱ्या किती आहेत? शिवाय नळाचं पाणी इथे कोणाकडे? आणि पश्चिमेला ‘विमको नाका’ म्हणतात, ते विमको म्हणजे काय?

पाठारे_पूर्व
पाणी जीवन प्राधिकरणाचं, नगरपालिकेचं नाही. जुनं बिल बरोबर ठेवा.

काडेपेटीवाल्यांची_लेक
दादा, बाबांना जरूर न्या, पण सोमवारी नको. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तर अजिबात नको, पाय ठेवायला जागा नसते.

गाभारा मंडपाच्या खाली आहे. वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात, दगड गुळगुळीत झालाय आणि आत अंधार. माझ्या आईला मी शेवटची तीन वर्षं खाली नेलंच नाही. मंडपात बसवायचे, ती तिथूनच हात जोडायची. नंतर बाहेरून सावकाश एक फेरी. खरं मंदिर बाहेरच्या भिंतींवर आहे, त्या घाईघाईत बघू नका. सकाळी लवकर गेलात तर दगड तापलेला नसतो.

उत्तरेच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूने शिलालेख आहे, शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा. बाबांना तो नक्की दाखवा. आणि शेजारच्या वालधुनीकडे बघून फार वाईट वाटतं, तेही सांगून ठेवते. एवढ्या जुन्या देवळाच्या पायाशी असलेली नदी अशी काळी नको होती.

विमको म्हणजे काडेपेटीचा कारखाना, ‘जहाज छाप’वाला. माझे वडील तिथेच होते. सावरीच्या लाकडाचे ओंडके यायचे, त्यांच्या काड्या व्हायच्या. वडिलांच्या शर्टाला गंधकाचा वास असायचा. आई कितीही धुवो, तो जायचा नाही. आजही कोणी काडी ओढली की मला ते दारात उभे दिसतात.

नवं_बिऱ्हाड
ताई, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. जहाज छाप म्हटल्यावर म्हणाले, "आमच्या घरी तीच असायची." बुधवारी सकाळी सातला निघतोय, बसायला घडीची खुर्ची घेतोय.

काडेपेटीवाल्यांची_लेक
खुर्ची आवाराबाहेर ठेवायला सांगितली तर वाद घालू नका, मंडपात ओटा आहे. बाबांना माझा नमस्कार.