गेलेली लाइट परत येऊनही मैदानावरचे हॅलोजन लगेच का लागत नाहीत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. इंदूरच्या राजेंद्रनगरातून लिहितोय. आमच्या मंडळाच्या मैदानावर खांबांवर ४०० वॉटचे चार हॅलोजन आहेत. संध्याकाळी बटण दाबलं की आधी निळसर-जांभळा मिणमिणता उजेड, चार-पाच मिनिटांनी लख्ख पांढरा. त्याची सवय आहे.

परवा एकांकिकेची तालीम चालू असताना लाइट जेमतेम दोन सेकंद गेली. समोरच्या घरांतल्या ट्यूबा लगेच लागल्या, आमचे चारही दिवे ठार काळे. बटण चालू-बंद करून पाहिलं, उपयोग शून्य. दहा-बारा मिनिटांनी आपले आपणच लागले. वायरमन म्हणतो, "भिया, चारों के इग्नाइटर गए." चारही एकदम? बदलायचे, की हा टोपी घालतोय? गणपती तोंडावर आलेत.

प्रतिसाद १:
काही बदलू नका. मुळात ते हॅलोजन नव्हेत, मेटल हॅलाइड आहेत. हॅलोजनमध्ये तार तापते, म्हणून तो झटकन लागतो. यात तारच नाही. आतल्या छोट्या क्वार्ट्झच्या नळीत थोडा आर्गॉन, थोडा पारा आणि धातूंचे क्षार असतात. इग्नाइटर तीन-चार हजार व्होल्टचा झटका देतो आणि आर्गॉनमधून आर्क (विजेची सलग ठिणगी) पेटतो. तुमचा तो मिणमिणता उजेड या अवस्थेतला. नळी तापते तशी पाऱ्याची वाफ होते, दाब वाढतो, मग क्षारही वाफेत उतरतात आणि पांढरा रंग येतो.

लाइट गेली की आर्क क्षणात विझतो, पण नळी तापलेलीच असते आणि आतला दाबही तसाच. त्या दाबात आर्क पुन्हा पेटवायचा तर वीस हजारांच्या वर व्होल्ट लागतात, ते साध्या इग्नाइटरच्या आवाक्याबाहेर. नळी निवून दाब उतरेपर्यंत थांबायचं, बस. इग्नाइटर खरंच गेले असते तर निवल्यावरही दिवे लागले नसते.

धागाकर्ता:
आभार! वायरमनला हेच ऐकवतो. पण ऐन प्रयोगात लाइट गेली तर? जनरेटर आहे आमच्याकडे.

प्रतिसाद २:
जनरेटर सुरू होईपर्यंत आर्क विझलेला असणार, म्हणजे तीच गत. रंगमंचापुरते दोन एलईडी फ्लड इन्व्हर्टरवर टाका, ते लगेच लागतात. आणि खांबावर कोणी चढलंच तर बाहेरच्या काचेला तडा आहे का तेवढं बघायला सांगा. ती फुटली तरी दिवा जळत राहू शकतो, पण अतिनील किरण थेट खाली येतात. फुटलेला दिवा लगेच बदला.