शब्दचर्चा : फिलेमोनाच्या पत्रातली आतडी

प्रश्न : रविवारी चर्चमध्ये बायबलच्या नव्या करारातल्या, फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रावर बोलायचं आहे. इनमीन २५ वचनं. ख्रिस्ताचा प्रेषित पौल तुरुंगातून लिहितो की अनेसिम हा तुझा दास मी परत पाठवतोय, त्याला प्रिय बंधू म्हणून घे. १६११च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात मात्र १२व्या वचनात पौल त्याला चक्क स्वतःची ‘आतडी’ म्हणतो! ही काय भानगड?

— भानगड नाही, मूळ ग्रीक शब्दच तसा आहे. ‘स्प्लांख्ना’ म्हणजे पोटाछातीतले अवयव : काळीज, यकृत, फुप्फुसं, आतडी. माया, कणव तिथे राहते अशी समजूत. लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात, उधळ्या मुलाला लांबून पाहून बापाला ‘कळवळा आला’, तिथलं क्रियापद याच शब्दापासून आलंय. आपल्याला यात नवल वाटायला नको. ‘आतड्याचं माणूस’, ‘आतडं तुटतं’ आपण रोज म्हणतो. आणि १०व्या वचनात पौल म्हणतो, बंधनात असताना मी अनेसिमाला जन्म दिला. म्हणजे पोटचाच झाला की!

— यात खरी मेख वेगळीच आहे. हा शब्द या एवढ्याशा पत्रात तीनदा येतो. ७व्या वचनात : तुझ्यामुळे पवित्र जनांची ‘स्प्लांख्ना’ निवली. १२व्यात : अनेसिम हा माझी ‘स्प्लांख्ना’. २०व्यात : आता माझी ‘स्प्लांख्ना’ निवव. सातव्यात कौतुक करून पौलाने फिलेमोनाला आधीच बांधून घेतलंय. तीन ठिकाणी तीन मराठी शब्द घातले की हा पेच दिसेनासा होतो.

— मग तिन्हीकडे ‘आतडं’ चालवा!

— नाही चालणार. आतडं तुटतं, पिळवटतं, निवत नाही. निवतो तो जीव. ‘लोकांचा जीव निवला, हा माझा जीव, माझा जीव निवव.’

— ‘जीव’ फार पातळ वाटतो, त्यात शरीर उरत नाही. मी ‘काळीज’ घेईन. लेकराला आपण काळजाचा तुकडा म्हणतो, आणि काळीज निवतंही. शिवाय मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर यकृत मिळतं, म्हणजे ग्रीक शब्दाचा तोही भाग आला.

प्रश्नकर्ती : ‘काळीज’ घेते. मटणवाल्याचा दाखला चर्चमध्ये देणार नाही! अनेसिम पळून गेला होता, हे कितव्या वचनात आहे?

— कुठेच नाही. १५वं वचन एवढंच सांगतं की तो काही काळ तुझ्यापासून वेगळा झाला. पळाला हा वाचणाऱ्यांनी काढलेला अर्थ. जाता जाता, अनेसिम म्हणजे ‘उपयोगी’. ११वं वचन त्यावरच खेळतं : आधी निरुपयोगी होता, आता तुला-मला दोघांना उपयोगी. मराठीत नाव तसंच ठेवल्यामुळे ही कोटी कोणालाच कळत नाही, तेवढी रविवारी सांगा.