मदत हवी आहे: विंडोज एसएसडीवर नेली, पण जुनी डिस्क काढली की कॉम्प्युटर उठतच नाही

पत्रिकावाला
नमस्कार मंडळी. नागपुरात महालात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, असलंच काम. कॉम्प्युटर जुना: चौथ्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. मुळात विंडोज ७ होती, तिच्यावरच १० चढवली. सकाळी बटण दाबून समोरच्या टपरीवर चहा पिऊन आलो तरी डेस्कटॉप यायचाच असतो.

परवा बर्डीच्या बाजारातून ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, आणली. नव्याने विंडोज टाकायची नाही, कारण पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि जुन्या मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर. सीडी आहे, पण नोंदणीचा कागद कुठल्या फायलीत गेला ते देवाला ठाऊक. आणि सगळ्या जुन्या पत्रिका त्याच फॉन्टांत बसलेल्या. ते फॉन्ट नसले की ‘चि. सौ. कां.’ च्या जागी किडेमकोडे दिसतात.

एका मोफत क्लोनिंग (डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या) सॉफ्टवेअरने सी ड्राइव्ह (२०० जीबी, भरलेला १३०) एसएसडीवर नेला. पहिल्यांदा निम्म्याच्या पुढे गेल्यावर ‘वाचता येत नाही’ म्हणून थांबलं. मग ‘चुका सोडून पुढे जा’ वर टिक केली, तेव्हा पूर्ण झालं. दोन्ही डिस्क जोडून चालू केलं, झालं चालू! पण वेग तोच. शंका आली म्हणून जुनी डिस्क काढली, तर काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) एसएसडी दिसते, पहिल्या नंबरवरच आहे. अक्षय्य तृतीयेच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत. काय चुकलं?

तर्रीपोहे
भाऊ, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. आता ११ च टाका नं सरळ.

पत्रिकावाला
११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते म्हणे, माझ्या डब्यात दोन्ही नाही. त्या मशीनला इंटरनेटही जोडत नाही, फायली पेनड्राइव्हने छापखान्यात जातात.

बर्डीकर
डिस्क मॅनेजमेंट उघडा. जुन्या डिस्कवर सी च्या आधी एक बारका तुकडा दिसतो का? आणि ‘बूट’ हा शब्द कोणत्या डिस्कच्या पार्टिशनवर, म्हणजे तुकड्यावर, लिहिलाय?

पत्रिकावाला
१०० एमबीचा आहे. ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’, खाली ‘सिस्टम, ॲक्टिव्ह’. एसएसडीवर एकच मोठा तुकडा आहे. ‘बूट’ जुन्या डिस्कच्या सी वर.

बर्डीकर
‘बूट’ म्हणजे आत्ता चालू असलेली विंडोज जिथे आहे तो तुकडा. मग तुमची एसएसडी अजून एकदाही कामाला लागलेली नाही. विंडोज ७ बसताना सुरुवातीची फाईल, म्हणजे बूट मॅनेजर, त्या १०० एमबीत ठेवते. तुम्ही घर हलवलं, किल्ली जुन्याच दाराला. दोन्ही डिस्क जोडल्या की बायोसला एसएसडीवर काही सापडत नाही, ते निमूट पुढच्या डिस्ककडे जातं आणि सगळं तिथूनच चालतं. म्हणून वेग तोच.

उपाय असा. विंडोज १० चा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर करा, जुनी डिस्क काढून त्यावरून सुरू करा, पहिल्या पडद्यावर शिफ्ट-एफ१० दाबा. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी येईल. तिथे डिस्कपार्ट या आज्ञेत एसएसडीचं पार्टिशन निवडून ‘ॲक्टिव्ह’ करा, ‘लिस्ट व्हॉल्यूम’ ने त्याला इथे कोणतं अक्षर मिळालंय ते बघून बाहेर या. मग बूटसेक्ट चालवा: /एनटी६०, ते अक्षर, /एमबीआर. त्यानंतर बीसीडीबूट: एसएसडीवरचं विंडोज फोल्डर, /एस आणि तेच अक्षर, शेवटी /एफ बायोस. तुमची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे म्हणून ‘बायोस’, नव्या पद्धतीचं यूईएफआय नाही. नंतरचं पहिलं बूटही जुनी डिस्क काढूनच करा, नाहीतर सी कोण आणि ई कोण यात विंडोज घोळ घालते.

जुनंहाड
थांबा हो. बूट सोडा, ते ‘वाचता येत नाही’ जास्त गंभीर आहे. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचता न येणारे संशयित तुकडे, किती ते सांगा. आणि घाईने चेकडिस्क /आर, म्हणजे विंडोजची अख्खी डिस्क तपासायची आज्ञा, लावू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला अख्खं रान पळायला लावण्यासारखं आहे ते.

पत्रिकावाला
पिवळं ‘कॉशन’ आलंय, पेंडिंगसमोर १८. आणि एक सांगतो, हसू नका. आज दुपारी लाइट आल्यावर कूलर चालू करायचा राहिला. खोली एकदम शांत, तेव्हा पहिल्यांदा कॉम्प्युटरमधून टक्… टक्… असा आवाज ऐकू आला. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत तो दबून गेला असणार.

जुनंहाड
ते १८ षोडशमानात (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) आहेत, म्हणजे २४ सेक्टर. टक् टक् म्हणजे डिस्कमधलं वाचणारं डोकं पुन्हा पुन्हा तीच जागा वाचायला धडपडतंय. क्रम उलटा करा. आधी जुन्या डिस्कच्या डी ड्राइव्हवरच्या पत्रिका बाहेरच्या डिस्कवर उतरवा, या सीझनच्या पहिल्या, जुन्या नंतर. मगच बर्डीकरांचं औषध.

पत्रिकावाला
झालं! दोन रात्री लागल्या. बीसीडीबूट पहिल्या झटक्यात फसलं, कारण मी सवयीने सी लिहिलं आणि तिथे सी म्हणजे पेनड्राइव्ह निघाला. डी लिहिल्यावर ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’. आता चहा सोडा, खुर्ची सरकवेपर्यंत डेस्कटॉप हजर.

पेजमेकर उघडला, फॉन्टांनी नोंदणी मागितली नाही. फक्त एका फॉन्टात जोडाक्षरांच्या जागी चौकोन येत होते. ‘श्री’ गायब! लग्नपत्रिकेत श्री नाही म्हणजे काय सांगता. सोडलेल्या चुकांपैकी एक त्याच फाईलवर होती बहुतेक. सीडीवरून तेवढी फाईल परत टाकली, आला श्री.

आता एकच उरलंय. जुन्या डिस्कच्या डी ड्राइव्हवरच्या २०१४ च्या फोल्डरचं नाव दिसतं, पण डबल क्लिक केलं की सगळं गोठतं.

जुनंहाड
विंडोजमधून त्याला हात लावू नका. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर चालवा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागांवर शेवटी परत येतं. मॅपफाईल (कुठवर वाचलं त्याची नोंद) द्यायला विसरू नका, म्हणजे मध्ये लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

पत्रिकावाला
रात्री लावतो. कूलर बंद ठेवून.